युरियाच्या गोणीमागचा माणूस

मृगाचा पाऊस पडून गेला की शहापूर आणि मुरबाडच्या बाजारपेठांत खताच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. राबावर पेरलेले भात वितीएवढे झालेले असते, आवणीची घाई असते, आणि युरिया वेळेवर हाती पडला नाही तर हंगाम गेला असे शेतकऱ्याला वाटते. पंचेचाळीस किलोंची ती गोणी आता इतकी सवयीची झाली आहे की, तिच्यातील पांढरे दाणे मुळात कोठून आले आणि शेतात पसरल्यावर ते कोठे जातात, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्याने कधी शोधले नाही, आणि तो शोध आपल्या पिढीच्या वाट्याला आला आहे.

फ्रिट्झ हाबर हे त्या माणसाचे नाव. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते बहुधा हेबर असे छापले जाते आणि अमोनिया तयार करण्याच्या पद्धतीपुरतेच भेटते. परीक्षेत समीकरण लिहिले की विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध संपतो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या इतिहासावर ज्यांच्या कामाचा इतका खोल ठसा उमटला, असे शास्त्रज्ञ फार थोडे. आज जगातील सुमारे निम्म्या माणसांचे अन्न त्याने दाखविलेल्या मार्गाने आलेल्या नत्रावर पिकते. त्याच माणसाने रणांगणावर विषारी वायू सोडण्याचे कामही पुढे होऊन अंगावर घेतले होते. या दोन गोष्टी एकाच आयुष्यात कशा मावल्या, हे पाहणे केवळ कुतूहलाचा विषय नाही.

नत्राची उपासमार

हाबरच्या शोधाचे मोल समजून घेण्यासाठी आधी आपल्याच बांधावर उभे राहिले पाहिजे. झाडाला वाढीसाठी नत्र लागते. हवेचा ७८ टक्के भाग नत्राचाच आहे. परंतु तेथे नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की भाताच्या रोपाला त्याचा काही उपयोग नाही. नत्राच्या समुद्रात पीक नत्रावाचून उपाशी राहते. ही गाठ निसर्गात सुटते ती मुख्यतः वीज कडाडते तेव्हा आणि काही सूक्ष्म जीवांच्या कृपेने. वाल, चवळी, उडीद अशा द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून हेच जिवाणू राहतात. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल टाकण्याची आपल्याकडील जुनी रीत किती शहाणपणाची होती, हे यावरून ध्यानात यावे.

राबाची प्रथाही याच गरजेतून आलेली. शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या आणि गवत रोपवाटिकेच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात जाळले की तण मरते, राखेतून पालाश मिळते आणि तापलेल्या मातीतील थोडे नत्र रोपाला चटकन उचलता येते. या राबासाठी फांद्या तोडण्याच्या हक्कावरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इतका असंतोष माजला की १८८०च्या दशकात मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. शेतकऱ्याचा वनखात्याशी झालेला तो झगडा एका अर्थी झाडाच्या पाल्यातील अन्नद्रव्यांसाठीच होता.

युरोपातही निराळी स्थिती नव्हती. तेथील शेती पेरूच्या किनाऱ्यावरील पक्ष्यांची विष्ठा आणि चिलीच्या वाळवंटातील सोरा यांवर अवलंबून होती. हा साठा एक दिवस संपेल आणि गहू खाणाऱ्या राष्ट्रांवर उपासमारीची पाळी येईल, असा इशारा विल्यम क्रुक्स या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने १८९८ साली दिला. हवेतील नत्र बांधण्याची युक्ती रसायनशास्त्रानेच काढली पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष होता. हाबर त्या वेळी तीस वर्षांचा होत होता.

कार्ल्सरूहेची प्रयोगशाळा

त्याचा जन्म ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाउ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. जन्मानंतर तीनच आठवड्यांत आई वारली. वडील रंग व रसायनांचे व्यापारी होते. मुलाने पेढीवर बसावे ही त्यांची इच्छा. मुलाचे मन मात्र रसायनशास्त्रात. १८९१ साली त्याने डॉक्टरेट मिळविली. घराणे ज्यू, आणि ज्यूंना विद्यापीठात वरची जागा मिळणे त्या काळच्या जर्मनीत कठीण. पुढच्याच वर्षी त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण पुरते जर्मन आहोत हे सिद्ध करण्याची त्याची धडपड येथून सुरू झाली आणि ती आयुष्यभर थांबली नाही. त्याच्या यशाचे आणि अधःपाताचे मूळ बऱ्याच अंशी या धडपडीत आहे.

१८९४ पासून तो कार्ल्सरूहे येथे काम करू लागला. १९०१ साली त्याचा विवाह क्लारा इमरवार हिच्याशी झाला. ब्रेस्लाउ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारी ती पहिली स्त्री, स्वतः रसायनशास्त्रज्ञ. लग्नानंतर संसार, मूल आणि नवऱ्याच्या पाहुण्यांची सरबराई यांत तिची विद्या विझत गेली. अशी घरे आपल्याही परिचयाची आहेत.

हाबरची युक्ती थोडक्यात अशी होती. नत्र आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया करावयाचा, तर नत्राची गाठ सोडविण्यासाठी उष्णता हवी. परंतु उष्णता फार झाली की झालेला अमोनिया पुन्हा फुटतो. या पेचातून त्याने दाबाचा मार्ग काढला. वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाब, पाचशे ते सहाशे अंशांचे तापमान आणि संयोगाला चालना देणारा ऑस्मियम धातू यांच्या साहाय्याने, रॉबर्ट ल रोसिन्योल या सहकाऱ्याच्या कुशल हातांनी बनविलेल्या यंत्रात, जुलै १९०९ मध्ये अमोनियाचे थेंब टपकू लागले. बीएएसएफ या रसायन कंपनीची माणसे ते पाहावयास आली होती. त्या कंपनीतील कार्ल बॉश या अभियंत्याने प्रयोगशाळेतील यंत्राचा कारखाना केला, आल्विन मिटाश याने दुर्मिळ ऑस्मियमच्या जागी साधे लोखंड चालेल असे मिश्रण शोधले, आणि १९१३ साली ओपाउ येथे हवेतून खत बनविणारा पहिला कारखाना सुरू झाला.

अमोनियापासून युरिया बनतो आणि युरियात ४६ टक्के नत्र असते. मुंबईजवळ तुर्भ्याचा खत कारखाना १९६०च्या दशकात उभा राहिला. अलिबागजवळ थळ येथील कारखाना १९८०च्या दशकाच्या मध्यावर आला. या दोन्ही ठिकाणी जे घडते ते मूलतः कार्ल्सरूहेच्या त्या यंत्रातलेच आहे. देशात दुष्काळाची छाया असताना आणि धान्याची जहाजे बाहेरून येत असताना या खताने काय केले, ते जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. हाबरची निंदा करणाऱ्याने आपल्या ताटाकडे पाहून मगच तोंड उघडावे.

ईप्रचा हिरवा धूर

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश आरमाराने चिलीचा सोरा अडविला. सोऱ्यावाचून जसे खत नाही तशी स्फोटक दारूही नाही. अशा वेळी हाबर आणि बॉश यांचा अमोनिया नायट्रिक आम्लात परिवर्तित होऊन तोफखान्याकडे वळला. शेतासाठी काढलेल्या नत्रावर जर्मनी चार वर्षे लढली.

हाबरला एवढ्यावर समाधान नव्हते. बर्लिनजवळील डालेम येथे १९११ साली स्थापन झालेल्या संस्थेचा तो संचालक होता. ती संपूर्ण संस्था त्याने युद्धाच्या कामी लावली. क्लोरीन वायू शत्रूच्या खंदकांवर सोडण्याची कल्पना त्याने उचलून धरली आणि आघाडीवर जाऊन स्वतः देखरेख केली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र गावाजवळ सुमारे दीडशे टन क्लोरीन वाऱ्यावर सोडण्यात आला. हिरवट पिवळा ढग जमिनीलगत सरकत गेला आणि समोरचे फ्रेंच व अल्जीरियन सैनिक गुदमरून कोसळले. चारच दिवसांनी त्याच रणांगणावर लाहोर डिव्हिजनच्या भारतीय सैनिकांनाही या वायूचा मारा सोसावा लागला.

हाबर बढती घेऊन घरी परतला. २ मे रोजी पहाटे क्लाराने त्याच्याच पिस्तुलाने जीव दिला. तिच्या मनात नेमके काय होते याविषयी चरित्रकारांत एकमत नाही. परंतु त्यानंतर लगेच हाबर पूर्वेच्या आघाडीवर निघून गेला, ही नोंद पुरेशी बोलकी आहे. घरी बारा वर्षांचा मुलगा राहिला.

युद्ध संपले तेव्हा विजेत्यांच्या लेखी तो युद्धगुन्हेगार ठरण्याच्या बेतात होता. त्याच सुमारास १९१८ सालचे नोबेल पारितोषिक त्याला अमोनियासाठी जाहीर झाले. अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी नापसंती दर्शविली. १९२१ साली ओपाउच्या कारखान्यात नत्रयुक्त खताच्या ढिगाचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे ठार झाली, आणि खत व दारूगोळा यांत किती थोडे अंतर आहे ते जगाला पुन्हा दिसले. युद्धाची भरपाई फेडता यावी म्हणून हाबरने समुद्राच्या पाण्यातून सोने काढण्याचाही काही वर्षे ध्यास घेतला. पाण्यात सोने अंदाजापेक्षा फारच थोडे निघाले आणि तो नाद सोडावा लागला.

शेवट त्याहून कडवट झाला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. युद्धातील सेवेमुळे हाबरला स्वतःची जागा राखता आली असती. परंतु आपल्या ज्यू सहकाऱ्यांना हाकलण्याचे काम त्याच्यावर आले. त्याने राजीनामा दिला. त्याच्या आयुष्यातील हा एक स्वच्छ निर्णय म्हणावा लागेल. ज्या देशासाठी त्याने धर्म सोडला, संसार होरपळू दिला आणि कीर्तीला काळिमा लावून घेतला, त्या देशाने त्याला चार महिन्यांत परके ठरविले. काही काळ केंब्रिजमध्ये काढून, प्रकृती ढासळलेल्या स्थितीत, २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तो मरण पावला. त्याच्या संस्थेत कीटकनाशक म्हणून ज्या विषारी वायूवर काम झाले होते, त्याचाच पुढचा प्रकार नाझींनी छळछावण्यांतील माणसे मारण्यासाठी वापरला. मारल्या गेलेल्यांत हाबरचे नातेवाईकही होते.

गोणीतून गेलेले नत्र

या चरित्राचे तात्पर्य विज्ञान वाईट असे काढणे हा आळशीपणा होईल. हाबर फसला तो निराळ्या जागी. आपल्या हातून निघालेली वस्तू कोठे जाते आणि कोणाच्या नाकातोंडात शिरते, हा प्रश्न त्याने आपल्या कामाचा भाग मानला नाही. वायूच्या बाबतीत हे ढळढळीत दिसते. खताच्या बाबतीत तेच संथपणे घडते, आणि तेथे हाबरच्या जागी आपण सर्व उभे आहोत.

भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यावर युरिया फेकला की त्यातील निम्म्याहून कमी नत्र, पुष्कळदा एकतृतीयांशच, पिकाच्या अंगी लागते. काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. काही भाग नायट्रेट होऊन पाण्याबरोबर झिरपतो किंवा बांध ओलांडून ओढ्यात जातो. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; युरिया टाकला त्याच रात्री कोसळधार झाली तर शेतकऱ्याचे पैसे सकाळपर्यंत वाहून गेलेले असतात. चिखलात जिवाणूंच्या क्रियेने थोडे नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन निसटते. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो आणि वरच्या ओझोनच्या थरालाही झिजवितो.

पाण्यात गेलेले नायट्रेट आरोग्याचा प्रश्न होऊन परत येते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही आपल्या मानकांनी ठरविलेली मर्यादा आहे. अशा दूषित पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या मुलाला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळे पडते. विहिरीचे पाणी आणि हा विकार यांचा संबंध अमेरिकेत १९४५ साली उघड झाला. येथे एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे: पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही, पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार देशातील पाण्याच्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुन्यांत ही मर्यादा ओलांडली गेली होती, आणि सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ अशी महाराष्ट्रातील नावे होती. त्यांत ठाण्याचे नाव नाही म्हणून निर्धास्त राहण्याचे कारण नाही. शहापूरच्या भातसा आणि तानसा जलाशयांवर मुंबईची तहान भागते. एकट्या भातसातून त्या शहराचे जवळजवळ निम्मे पाणी येते. काळू आणि भातसा यांचे पाणी पुढे उल्हासच्या खोऱ्यात उतरते, आणि कल्याणजवळ मोहने येथे उल्हासच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा कसा पसरतो, ते लोकलमधून जाणाऱ्या कारकुनालाही ठाऊक आहे. त्या जलपर्णीला पोसणारे नत्र मुख्यतः शहरांच्या सांडपाण्यातून येते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेतातील नत्र धान्यातून शहरात जाते आणि गटारातून नदीत येते. दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

मात्रेचा विवेक

मग युरिया बंदच करावा काय? श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. भाताचे उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली. हवेतून आलेल्या नत्रावर जगणाऱ्या माणसांना एका फर्मानाने शंभर वर्षे मागे नेता येत नाही. दुसऱ्या बाजूस, १९९२ साली स्फुरद व पालाश खतांच्या किमती मोकळ्या सोडून युरिया मात्र स्वस्त ठेवण्याचे जे धोरण आले, त्याने शेतकऱ्याला एकाच गोणीची चटक लावली. गरीब माणूस स्वस्त वस्तू जास्त वापरतो, हा त्याचा अपराध नाही. जमिनीचा तोल बिघडविणारी ही किमतींची रचना सुधारणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि ते निवडणुकांच्या भीतीने वर्षानुवर्षे टाळले गेले आहे.

वाट आपल्याच मातीत सापडलेली आहे. कोकणातील भातासाठी डॉ. नारायण सावंत या मृदाशास्त्रज्ञाने चारसूत्री पद्धत मांडली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर आवणी, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया व डीएपीची एक छोटी गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. चिखलात खोल गेलेले नत्र मातीच्या कणांना धरून राहते, उडत नाही, वाहत नाही, आणि मुळांना हळूहळू मिळत राहते. कमी खतात अधिक भात येते. हाताने गोळी खोचण्याला मजूर लागतात आणि आवणीच्या घाईत ते मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. ती सोडविण्यासाठी साधे अवजार आणि वेळेवर गोळ्यांचा पुरवठा या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या दारी पोचल्या पाहिजेत. मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यांसाठी मुंबईने एवढा खर्च उचलावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

शाळा आणि कचेऱ्या यांनाही येथे काम आहे. गावातील विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिणे, हे विज्ञानशिक्षक, ग्रामसेवक आणि विद्यार्थी मिळून सहज करू शकतील. मृद आरोग्य पत्रिका पेटीत ठेवण्यासाठी नसते, तिच्यावरून गोणी अर्धी की पाऊण हे ठरवावयाचे असते, हेही शेतकऱ्याला कोणी तरी जवळ बसून सांगावे लागेल.

अति तेथे माती, असे आपले वाडवडील म्हणत आले. हाबरने नत्राचा दुष्काळ संपविला. ते कोठे थांबवावे याचा विचार त्याने केला नाही, आणि त्याच्या जन्मभूमीने तो त्याला करू दिला नाही. आपल्यावर तशी सक्ती नाही. यंदाच्या आवणीला गोणीचे तोंड सोडताना, हे पाणी उद्या कोणत्या विहिरीत उतरणार आहे एवढा हिशेब आपण मनाशी केला, तरी त्या दुर्दैवी आयुष्यापासून शहापूर-मुरबाडकर काही शिकले असे म्हणता येईल.